विम्याची एजन्सी: हातात नक्की किती पडतात?

प्रश्न: माझं वय ३६, शिक्षण बारावी. काही वर्षं पतसंस्थेची पिग्मी गोळा करत होते, त्यामुळे बाजारपेठेतली बरीच दुकानं ओळखीची आहेत. माझे दीर एलआयसीचे एजंट आहेत. ते म्हणतात, "वहिनी, विमा सखीत नाव घाला. सात हजार तर ठरलेलेच, वर कमिशन. पाच वर्षांत महिना पन्नास हजार कुठे गेले नाहीत." त्याच वेळी एका खासगी बँकेच्या शाखेत बसून विमा विकायची नोकरी समोर आली आहे. अठरा हजारांचं पॅकेज आणि वर इन्सेंटिव्ह, असं म्हणतात. यजमानांचं काम हंगामी आहे. माझ्याकडून घरात महिन्याला दहा हजार तरी यायला हवेत. या धंद्यात खरोखर मिळतं किती आणि ते कशावर ठरतं?
एक वाचक, तालुक्याचं गाव

उत्तर:

ताई, आकड्यांत शिरण्याआधी एक अडचण बघून घ्या. विमा सखी ही महिलांना एजंट करून सुरुवातीची तीन वर्षं विद्यावेतन देणारी एलआयसीची योजना. तिच्यात एलआयसीच्या सध्याच्या एजंटांचे आणि कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक बसत नाहीत. पती-पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं आणि सासरची जवळची नाती अशी ती यादी आहे. तुमचे दीर एजंट आहेत. तेव्हा शाखेत जाऊन थेट शाखा व्यवस्थापकांनाच विचारा, की एजंटाच्या भावजयीचा अर्ज चालतो का. "बघू, करून टाकू" असं कोणी म्हणालं तर ते उत्तर धरू नका. दिरांना हे माहीत नसेल असं नाही, पण योजना डिसेंबर २०२४ मधली आहे आणि जुन्या एजंटांनी तिच्या अटी वाचलेल्याच असतात असंही नाही. योजनेत बसत नसलात, तर साधी एजन्सी घेता येईल. फक्त ते सात हजार नसतील, आणि मग सगळा हिशेबच बदलतो.

आता त्या सात हजारांविषयी. ते विद्यावेतन आहे, पगार नाही, आणि तीनच वर्षांचं आहे. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. त्यासाठी वर्षाला किमान २४ लाइव्ह्ज, म्हणजे २४ वेगवेगळ्या माणसांचे विमे, आणि बोनस कमिशन (मूळ कमिशनवर मिळणारी जादा रक्कम) सोडून ४८,००० रुपयांचं पहिल्या वर्षाचं कमिशन करून दाखवावं लागतं. एकाच घरात एकाच्या नावावर तीन पॉलिसी काढल्या, तर लाइफ एकच मोजलं जातं. दुसऱ्या वर्षीचे ६,००० मिळायला आणखी एक अट आहे. पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असायला हव्यात, आणि हे महिन्या-महिन्याला तपासलं जातं. २४ पॉलिसींचे ६५ टक्के म्हणजे १५.६, म्हणजे सोळा. आठ बंद पडल्या तर निभावतं, नववी पडली की विद्यावेतन थांबतं. तिसऱ्या वर्षी हीच अट दुसऱ्या वर्षीच्या पॉलिसींना लागते. नुसतं बसून काहीच मिळत नाही.

एजंटाची कमाई मांडायला चार आकडे लागतात: वर्षाला नव्या पॉलिसी किती, एका पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता किती, कमिशनचा दर किती, आणि पुढच्या वर्षांत किती पॉलिसी जिवंत राहतात. बोलताना सगळे पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यावर बोलतात. प्रत्यक्षात महिन्याची रक्कम ठरते ती दुसऱ्यावर आणि चौथ्यावर.

दराचं थोडक्यात. मार्च २०२३ पर्यंत दीर्घ मुदतीच्या नियमित हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३५ टक्के आणि पुढे जास्तीत जास्त साडेसात टक्के अशी नियमाचीच कमाल मर्यादा होती. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीवर २ टक्के. एप्रिल २०२३ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, प्रत्येक प्रकाराची वेगळी मर्यादा काढून टाकली. आता कंपनीचं संचालक मंडळ दर ठरवतं आणि कंपनीचा एकूण खर्च मर्यादेत राहिला की झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मध्येच पॉलिसी सोडणाऱ्या ग्राहकाला पूर्वीपेक्षा जास्त रक्कम परत द्यायचे नियम आले. तेव्हा काही कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून पुढच्या वर्षांचं वाढवलं, काहींनी पॉलिसी लवकर बंद पडली तर दिलेलं कमिशन परत घ्यायची अट घातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकाला ते बरं झालं, पण कंपन्यांना खर्चावर मिळणारी करवजावट गेली आणि काहींनी तो भार कमिशनवर टाकला. म्हणून कोणाचाही दर ऐकताना तो कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या प्लॅनचा ते विचारा. दिरांच्या २०१५ सालच्या पॉलिसींचं कमिशन बिल बघून तुमचा अंदाज बांधू नका.

हिशेबासाठी आपण पहिल्या वर्षी २५ टक्के आणि नंतर दरवर्षी ५ टक्के धरू. बोनस कमिशन मिळालं तर वरचं. पॉलिसी टिकण्याचं प्रमाण धरू या: दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ७०, चौथ्या वर्षी ६५, पाचव्या वर्षी ६०. नवशिक्या एजंटाला हे जमलं तर चांगलंच म्हणायचं.

आधी विमा सखीची किमान अट घ्या. ४८,००० कमिशन म्हणजे २५ टक्क्यांनी १,९२,००० रुपयांचा नवा हप्ता. २४ पॉलिसींत वाटला तर सरासरी ८,००० रुपये वार्षिक हप्ता. पहिल्या वर्षी विद्यावेतन ८४,००० आणि कमिशन ४८,०००, मिळून १,३२,०००, म्हणजे महिना ११,०००. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन ७२,०००, नवं कमिशन ४८,००० आणि जुन्यांचं रिन्यूअल, म्हणजे आधीच्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन, ७,६८०. महिना १०,६४०. तिसऱ्या वर्षी ६०,००० अधिक ४८,००० अधिक १४,४००, म्हणजे महिना १०,२००. तीन वर्षं तुमची गरज अगदी काठावर भागते. चौथ्या वर्षी विद्यावेतन संपतं. नवं कमिशन ४८,००० आणि रिन्यूअल २०,६४०, एवढंच उरतं. महिना ५,७२०.

ही खड्ड्याची जागा आहे आणि योजनेची माहिती देताना तिच्याविषयी कोणी बोलत नाही. तीन वर्षं किमान अट पूर्ण करत राहिलात, तर चौथ्या वर्षी उत्पन्न जवळजवळ निम्मं होतं. चौथ्या वर्षीही महिना दहा हजार हवे असतील तर पहिल्यापासून दोनपैकी एक करावं लागेल: सरासरी हप्ता ८,००० वरून १४,००० वर नेणं, किंवा ८,००० वरच राहून वर्षाला २४ ऐवजी ४२ पॉलिसी करणं. बेचाळीस नवी माणसं दरवर्षी शोधण्यापेक्षा तेवढ्याच माणसांत मोठा हप्ता झेपणारी घरं शोधणं सोपं. मात्र हप्ता झेपणारा असावा, बळेच वाढवलेला नसावा. नाहीतर टिकण्याचं प्रमाण कोसळतं आणि मिळवलेलं तिकडून जातं.

त्याच रीतीने दिरांचे पन्नास हजार तपासू. पाचव्या वर्षी ६ लाख हवेत. सरासरी हप्ता १२,००० असेल, तर पाचही वर्षं दरवर्षी १२९ नव्या पॉलिसी लागतात, महिन्याला अकराच्या आसपास. सरासरी हप्ता ३०,००० असेल तर दरवर्षी ५२, आठवड्याला एक, पाच वर्षं न चुकता. असं करणारे एजंट आहेत, अगदी तालुक्याच्या गावीही. पण ते पूर्णवेळ हेच करतात, डॉक्टर, कंत्राटदार, शिक्षक अशी गिऱ्हाइकं त्यांनी बांधलेली असतात आणि बहुतेकांच्या बिलात दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पॉलिसींचं रिन्यूअल वाहत असतं. तुमच्यासारखीच २४ माणसं, १२,००० सरासरी हप्ता, असं धरलं तर पाचव्या वर्षी साधारण १,११,६०० होतात. महिना ९,३००. खरी मधली वस्ती या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी आहे आणि खालच्या टोकाला गर्दी जास्त आहे.

दिरांकडून एक मदत मात्र नक्की घ्या. त्यांचं मागच्या बारा महिन्यांचं कमिशन बिल दाखवायला सांगा. त्यात पहिल्या वर्षाचं किती, रिन्यूअलचं किती आणि कोणत्या सालच्या पॉलिसींचं किती, एवढं वेगळं काढा. पहिल्या वर्षाचा भाग एकूण बिलाच्या निम्म्याहून कमी असेल, तर ते सांगतात ती रक्कम त्यांच्या जुन्या कष्टांची आहे. तुम्हाला तिथे पोचायला तेवढीच वर्षं लागतील.

आता पॉलिसी टिकण्याविषयी, कारण नवा एजंट बुडतो तो इथेच. कंपन्या हे प्रमाण १३व्या, २५व्या, ३७व्या, ४९व्या आणि ६१व्या महिन्याला मोजतात. १३वा महिना म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता आला की नाही. पॉलिसी बंद पडायची कारणं फार गूढ नसतात. मार्चअखेर टार्गेटसाठी घाईत गळ्यात मारलेली पॉलिसी. भावाने भावासाठी घेतलेली. हप्त्याची तारीख घरात पैसा नसतो त्या महिन्यात आलेली. वार्षिक हप्ता ठरवताना माणसाचं त्या दिवसाचं औदार्य धरलेलं, त्याचं उत्पन्न धरलेलं नाही. तुमच्या भागात उसाचं बिल, सोयाबीनचे पैसे, दुधाचा दहा दिवसांचा पगार, शिक्षकांचा पगार या तारखा वेगवेगळ्या आहेत. वार्षिक हप्त्याची पॉलिसी ज्या महिन्यात काढाल तोच महिना दरवर्षी हप्त्याचा होतो, म्हणून शेतकरी गिऱ्हाइकाची पॉलिसी त्याच्या हातात पैसा येतो त्या महिन्यातच सुरू करा. पगारदाराला मासिक हप्ता द्या, पण बँकेतून आपोआप वळता होईल असा आदेश फॉर्मसोबतच भरून घ्या. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५, इतर पद्धतींना ३०. ही मुदत टळली की पॉलिसी लॅप्स. पारंपरिक पॉलिसी पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते, पण थकलेले हप्ते व्याजासह भरायला गिऱ्हाईक सहसा तयार होत नाही.

टिकण्याचं प्रमाण ५५, ४५, ४०, ३५ असं घसरलं, तर वरच्या २४ पॉलिसी आणि १२,००० हप्त्याच्या उदाहरणात पाचव्या वर्षीचं रिन्यूअल ३९,६०० ऐवजी २५,२०० होतं. वर्षाला चौदा हजारांचा फरक. शिवाय कमिशन परत घ्यायची अट असेल तर आणखी कापलं जातं. आणि बंद पडलेल्या पॉलिसीवाल्या घरात दुसरा विमा तुम्ही पुन्हा विकू शकत नाही, तो तोटा कुठल्या बिलात दिसत नाही.

इथे तुमचं पिग्मीचं काम कामी येतं. ज्याने रोज दुकानात जाऊन वीस-पन्नास रुपये गोळा केले, त्याला कोण वेळेवर देतं, कोण टाळतं आणि कोणाच्या गल्ल्यात खरोखर पैसा आहे, हे कंपनीच्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा चांगलं कळतं. ओळखीच्या दुकानांची यादी करा आणि तिच्यातून हप्ता चुकवणारी नावं आधीच गाळा. नवे एजंट याच्या उलट करतात. जो पटकन हो म्हणतो त्याचा फॉर्म आधी भरतात, आणि पटकन हो म्हणणारा बऱ्याचदा पटकन हप्ताही सोडतो.

एक गोष्ट मुळीच करू नका. "पहिला हप्ता तुम्ही भरा, मग मी पुढे भरतो" असं म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनमधून सूट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत, दंड दहा लाख रुपयांपर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी गणित बघा. वार्षिक १२,००० ची पॉलिसी तिमाही हप्त्याने काढली, हप्ता ३,०००. तो तुम्ही भरला. कमिशन मिळतं ते आलेल्या हप्त्यावर, म्हणजे ७५०. दुसरा हप्ता गिऱ्हाइकाने भरला नाही. तुमच्या खिशातून २,२५० गेले आणि वर एक लॅप्स पॉलिसी तुमच्या कोडवर, म्हणजे एजंट क्रमांकावर, लागली. विमा सखीत असाल, तर त्या आठांतली एक सूट खर्ची पडली. गावोगाव असे एजंट आहेत ज्यांचं पहिल्या वर्षाचं कमिशन याच वाटेने परत गेलं, आणि त्यांनी वर्षअखेरीस व्यवसाय भरपूर केला म्हणून ट्रॉफीही घेतली.

कोणत्या प्रकारचा विमा विकता यावरही उत्पन्नाचा आकार बदलतो. आयुर्विम्यात पहिल्या वर्षी जास्त, मग बारीक धार. आरोग्य विम्यात दरवर्षी जवळपास सारखाच दर. २०२३ पर्यंत वैयक्तिक आरोग्य विम्यावर कमाल १५ टक्के होते आणि नूतनीकरणालाही तेच. वीस कुटुंबांची प्रत्येकी २०,००० हप्त्याची पॉलिसी धरा: १५ टक्क्यांनी पहिल्या वर्षी ६०,०००. पुढच्या वर्षी सतरा कुटुंबांनी नूतनीकरण केलं तर ५१,०००, एकही नवं गिऱ्हाईक न करता. आयुर्विम्यात तेवढ्याच मेहनतीनंतर दुसऱ्या वर्षीचं रिन्यूअल किती बारीक असतं ते वर पाहिलंच. घरभाडं, किराणा यांसाठी आरोग्य विम्याचा पैसा जास्त भरवशाचा. त्याची किंमत मात्र वेगळी चुकवावी लागते. रात्री दवाखान्यातून फोन येतो, कॅशलेसची मंजुरी अडकलेली असते आणि घरचे लोक कंपनीला नाही, तुम्हाला विचारतात. म्हणून प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन यांतलं काहीही लपवू देऊ नका. हप्ता थोडा वाढेल म्हणून गप्प बसलेला एजंट क्लेम नाकारला गेला की पूर्ण गल्ली गमावतो.

दुचाकीच्या विम्यावर मात्र वेळ घालवू नका. जून २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये ठरला. त्यावर जुन्या मर्यादेनुसार अडीच टक्के, म्हणजे अठरा रुपयेही नाहीत. ओळख टिकवायला एखादा करून द्यावा, एवढंच.

नियमानुसार एका एजंटाला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक फक्त आरोग्य विमा करणारी कंपनी, अशी एकाच वेळी एजन्सी घेता येते. आयुर्विम्याची एजन्सी घेतली म्हणजे आरोग्य विमा हातचा गेला, असं अजिबात नाही. परीक्षा अवघड नाही. २५ तासांचं प्रशिक्षण, मग तासाभरात पन्नास प्रश्न, पस्तीस टक्क्यांना, म्हणजे अठरा बरोबर आले की पास. मराठीतून देता येते. दहावी पुरते.

आता बँकेतली नोकरी. "अठरा हजारांचं पॅकेज" म्हणजे हातात अठरा हजार नव्हेत. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, वाटाही मोजतात. मूळ वेतन निम्मं धरलं, तर तुमचा आणि कंपनीचा मिळून पीएफच २,१६० होतो. ईएसआयसी धरून हातात पंधरा हजारांच्या आसपास येतात. व्यवसाय कर तुम्हाला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पंधरा हजार ही तुमच्या गरजेपेक्षा चांगली रक्कम आहे आणि ती पहिल्या महिन्यापासून येते. या मुद्द्यावर नोकरी सरळ जिंकते.

पण ऑफर लेटरमध्ये चार गोष्टी शोधा. पहिली, नोकरी नक्की कोणाची आहे: बँकेची, विमा कंपनीची, की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची. शेवटची असेल तर त्याला ऑफ-रोल म्हणतात आणि टार्गेट चुकलं की तीन महिन्यांत निरोप मिळतो. दुसरी, टार्गेट कसं मोजतात. विमा कंपन्या एकरकमी हप्त्याचे फक्त दहा टक्के धरतात. कोणी पाच लाखांची एकरकमी पॉलिसी घेतली तर तुमच्या टार्गेटमध्ये पन्नास हजारच मोजले जातात. नवख्या माणसाला हे पहिल्या तिमाहीच्या शेवटी कळतं. तिसरी, इन्सेंटिव्हचा उंबरठा. महिन्याचं टार्गेट दोन लाख आणि उंबरठा ८० टक्के असेल, तर १,६०,००० च्या खाली इन्सेंटिव्ह शून्य. १,५०,००० केले तरी शून्यच. तेव्हा "इन्सेंटिव्ह सरासरी किती मिळतो" असं विचारू नका. "या शाखेतल्या माणसाला मागच्या सहा महिन्यांत किती महिने मिळाला" असं विचारा. चौथी, पॉलिसी बंद पडली तर दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापतात का.

नोकरीत रिन्यूअल तुमचं नसतं. पाच वर्षांनी बाहेर पडलात तर विकलेल्या पॉलिसींचा एक रुपयाही तुमच्यामागे येत नाही. एजन्सीत मात्र दीर्घ सेवेनंतर रिन्यूअल चालू राहण्याची, एजंटाच्या पश्चात वारसाला मिळण्याची आणि एलआयसीत ग्रॅच्युइटीची सोय आहे. ग्रॅच्युइटीची मर्यादा २०२३ मध्ये तीन लाखांवरून पाच लाख झाली. ती किती वर्षांनी आणि किती व्यवसायावर लागू होते, हे नेमणूक पत्रासोबतच्या नियमांत बघून ठेवा. खासगी कंपनीची एजन्सी घेतलीत तर हाच प्रश्न आधी विचारा: सोडून गेल्यावर रिन्यूअल कोणाचं?

बँकेत आणखी एक गोष्ट वाट्याला येईल. मुदत ठेव मोडायला किंवा वाढवायला आलेल्या ज्येष्ठांना दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी "ठेवीसारखीच आहे" म्हणून देण्याचा आग्रह. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाला ती परत करता येते, आणि मुलाने कागद वाचले की ती परत येतेच. नाही आली, तर दुसऱ्या वर्षी हप्ता थकतो, तक्रार होते आणि सहीवाला माणूस म्हणून तुमचं नाव असतं. तालुक्याच्या गावात ते नाव पुन्हा धुऊन निघत नाही. मुलाखतीतच शाखेच्या माणसांना जमेल तसं बोलतं करा. ठेवीचा विषय त्यांनीच काढला तर समजून जा.

नोकरी आणि एजन्सी एकाच वेळी करता येत नाहीत, हेही लक्षात घ्या. दुसऱ्याच्या नावावर कोड काढून काम तुम्ही करायचं, हा मार्ग सर्रास सुचवला जातो. तो घेऊ नका. कमिशन त्या माणसाच्या खात्यात आणि त्याच्या पॅनवर जातं, तक्रार आली की तुम्ही तर कुठेच नसता, आणि टिकवलेल्या पॉलिसींचा इतिहासही तुमचा होत नाही.

खर्च आणि कर थोडक्यात. फिरणं, फोन, कॅलेंडर-डायऱ्या, फॉर्मच्या झेरॉक्स हे सगळं एजंटाच्या खिशातून. नव्या एजंटाने कमिशनच्या दहा ते पंधरा टक्के यात जातील असं धरावं. वरच्या सगळ्या आकड्यांतून ते वजा करा. वर्षाचं कमिशन २०,००० च्या पुढे गेलं की २ टक्के टीडीएस कापला जातो. हा दर आणि ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची. पॅन दिला नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मिळते. कमिशनच्या उत्पन्नाला छोट्या व्यापाऱ्यांसारखी ठोक अंदाजाने नफा धरून कर भरायची सोय चालत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या आणि फोनच्या पावत्या जपून ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असं. शाखेने तुम्ही योजनेत बसता असं स्पष्ट सांगितलं, तर विमा सखी घ्या आणि पहिल्या वर्षापासून ४२ पॉलिसींचं किंवा १४,००० सरासरी हप्त्याचं लक्ष्य धरा, किमान अटीचं नको. पहिल्या सहा महिन्यांत आरोग्य विम्याची एजन्सी जोडा, कारण चौथ्या वर्षीचा खड्डा भरायला तीच सगळ्यात लवकर उभी राहते. योजनेत बसत नसलात, तर एजन्सीच्या पहिल्या वर्षाच्या भरवशावर घर चालवू नका. २४ पॉलिसी आणि ८,००० हप्ता धरला तर महिना ४,०००, तेही खर्च वजा न करता. अशा वेळी बँकेची नोकरी घ्यावी, पण पत्र वरच्या चार प्रश्नांना उत्तर देत असेल तरच. वर्ष-दोन वर्षं तिथे काढा, यजमानांचा हंगाम नसलेल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेल एवढं साठवा आणि मग राजीनामा देऊन एजन्सी घ्या. पिग्मीच्या दुकानांशी येणं-जाणं मात्र तोवर तुटू देऊ नका.

शाखेत जाताना दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो घेऊन जा. अर्जात आधीच्या एजंटाशी किंवा कर्मचाऱ्याशी नातं आहे का, असा रकाना आला तर दिरांचं नाव आणि त्यांचा कोड स्पष्ट लिहा. तो रिकामा ठेवून मिळालेली नेमणूक पुढे कधीही रद्द होऊ शकते, आणि ती रद्द होताना तोवरचं विद्यावेतनही अडचणीत येऊ शकतं.